बिनसाखरेचं पुरण

राणीसावरगावात धुरपताबाईंच्या हातचं जेवून कुणी पोटात जागा ठेवून उठलं, असं आम्ही गल्लीवाल्यांनी अजून ऐकलेलं नाही. लग्नाची पंगत असो की बारशाची, बाई बुंदीचं पातेलं घेऊन निघाल्या की शहाणी माणसं आधीच ढेकर देत. काही उपयोग नसे. ताटावर हात आडवा धरला तर बाई हातावरच वाढत. "हात धरला म्हंजी माणूस लाजायलाय," हा त्यांचा सिद्धांत.

पण गेली काही वर्षं ह्या आग्रहाला घरातच कुलूप लागलं होतं. जावई भागवतराव परभणीत एका शाळेवर कारकून. चाळिशीच्या आतच त्यांना साखरेचा आजार जडला. लेक राजेश्री माहेरी आली की आधी आईला दम भरी, "माय, त्यायला गोड वाढलंस तर मी उठून जाईन." जावयाला नुसती वरण-पोळी वाढताना बाईंचा जीव तुटायचा.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीनेक वर्षांनी येणाऱ्या ह्या अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, हा त्याचा मान. ह्या वेळी राजेश्रीनंच शुगर-फ्री पावडर आणली. "गुळाच्या जागी ही घाल. हिनं शुगर वाढत न्हाई." भागवतरावांचा चहा, बिस्किटं सगळं ह्याच गोडीवर चालायचं. वजन मात्र उतरायच्या ऐवजी चढलंच होतं, पण तिकडे कोण बघतो!

बाईंनी पुरण चाखलं. जिभेवर मागून जरा कडवट लागलं, पण गोड होतं. मग काय, कुलूप निघालं. "घ्या की जावईबापू, साखरच न्हाई तर भ्यायचं कशाला?" धोंड्यावर तूप, तुपावर धोंडा. शेवटी भागवतरावांनी ताटावर दोन्ही हात धरले. "बस मामी, लय झालं." बाईंनी हसत त्यांच्या बोटांवरच आणखी दोन ठेवले. सासूनं वाढलेलं टाकायचं कसं? त्यांनी खाल्ले.

संध्याकाळी तांब्यामागून तांब्या रिकामा झाला तरी त्यांची तहान भागेना. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. गंगाखेडच्या दवाखान्यात नेलं तर साखर चारशेच्या वर. लगेच सलाईन लावलं.

"पावडरच खोटी निघाली," राजेश्री म्हणाली.

"पावडरीनं नाही वाढली," डॉक्टर म्हणाले. "पण कणकेची आणि डाळीची रक्तात साखरच होते ना? वर एवढं तूप. शुगर-फ्री म्हणून दुप्पट खाल्लं तर साखर कशी आटोक्यात राहील, अन् वजन तरी कसं उतरेल?"

राजेश्री नवऱ्यावर उसळली. शेजारच्या खाटांवरची माणसं ऐकायला लागली. "तुमाला तोंडावर ताबाच न्हाई! माझ्या माहेरी येऊन हावऱ्यावानी खाल्लंत. लोकं काय म्हनतील?"

"चुकलंच माझं," भागवतराव म्हणाले. सासूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मानानं बोलावलेला जावई चारचौघांत हावरा ठरला होता, आणि बाई एक शब्द बोलल्या असत्या तर तो सुटला असता. पण तो शब्द तोंडातून निघेना. ज्या आग्रहाचं जन्मभर कौतुक करून घेतलं, तो आता गुन्हा म्हणून कबूल करायचा? त्या पदराचं टोक पिळत बसल्या. स्वतःचीच लाज वाटत होती.

भागवतरावांनी पाणी मागितलं. राजेश्रीनं पेला आदळला. तेव्हा मात्र बाईंना राहवलं नाही.

"त्यायला बोलू नगं, राजे. त्यायनी हात आडवे धरले होते. म्याच बोटावर वाढलं. पाप माझं हाय."

राजेश्री खाटेच्या कडेला बसली. मग खाली बघत म्हणाली, "मला दिसलं होतं, माय. तू वाढायलीस, हे खायलेत, ते बघून मला लय बरं वाटलं. मी तर हसत बसले होते."