खदानीच्या काठची यादी

जऊळक्याच्या वाटेवर आमच्या गावची गिट्टीची खदान आहे. तिचा एक काठ यंदा पुढे सरकणार होता. त्या उतारावरची जी देशी झाडंझुडपं यादीत असतील त्यांची जागा सोडायची, बाकी सगळं मशीनखाली जाणार, असं ठरलं. यादी गावाने द्यायची होती आणि ती माझ्या बायकोच्या वहीत होती. बायको दिवाळीआधी गेली. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

तिने झाडं शेजारावरून लिहिली होती. धावड्याजवळ कोण, पळसाखाली कोणतं गवत, दगडाच्या भुकटीवर रुईशिवाय कोण तगतं. पण लिहायची ती बोलल्यासारखी: पयस, बाभूय, कुसय. आमच्याकडे ळचा य होतो. शिक्षक म्हणून मी मुलांच्या वह्यांतले असे य आयुष्यभर खोडले. आता रिकाम्या घरात हाताला काही हवं होतं. तिच्या वहीतल्या प्रत्येक य वर मी काळ्या शाईने ळ गिरवला.

यादी द्यायच्या दिवशी सकाळी उतारावर गेलो. तिच्याबरोबर फिरणारी शेजारीण तिथे गवत कापत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवू लागलो.

"धावड्याजवळ मोळ."

तिचा विळा थांबला. "मोळ कुठचं इथं? त्या गवताचे तं झाडू करतेत. मोय म्हना, मोय! तुमच्या डोक्यावरच हाय."

वर पाहिलं. पान नसलेलं राखाडी झाड.

"हे तर वाळलंय. तिने मोयच लिहिलं होतं, मी य खोडून ळ केला."

"वायलं नाई. उन्हायाभर असंच राह्यते ते. तिनं बराबर लिहलं होतं, तुमी काहून खोडलं? शायेतली खोड नाई गेली गुरुजी तुमची!" ती हसली. मग माझ्याकडे पाहून तिने विळा खाली ठेवला.

मशीनवाल्याने त्या झाडाला सरपणच समजलं असतं, आणि यादीत ते गवत झालं होतं.

एकेक ओळ पुन्हा वाचली. ती सांगेल तसं दुरुस्त करत गेलो. शेवटी एक नाव अडलं: तिखाडी गवताच्या पलीकडे, दगडात, दुधोळी.

"दुधोयी असेल का?"

"तसं नाव मी नाई आयकलं. तिनं कोन्या म्हातारीले इचारलं अशीन."

पान उन्हात धरलं. शाईखाली य होता की थ, की आणखी काही, दिसेना. आम्ही त्या दगडांत गेलो. फटींत तीन-चार वाळकी खोडं होती. तिने एक चुरून वास घेतला आणि नकारार्थी मान हलवली.

दुपारी ग्रामपंचायतीत कारकुनाने यादी पाहिली. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘तिखाडीपलीकडे दगडात जे आहे ते.’

"असं नाई चालत गुरुजी. नाव लागते. बिननावाची जागा कोन सोडते?"

मी वही पुढे केली. त्याने ‘दुधोळी’ वाचलं.

"हे काय झाड हाय?"

"माहीत नाही."

"पन हाय ना तिथं?"

"आहे."

त्याने ते नाव लिहून घेतलं. मी थांबवलं नाही.