पोर्चमधली होडी

बंगळुरात समुद्र नाही, धड नदी नाही, तरी ह्यांनी होडी विकत घेतली. एका तळ्यावरचा नौकाविहार बंद पडला होता. तिथली भंगारात निघालेली लाकडी होडी टेम्पोत घालून घरी आणली आणि पोर्चमध्ये पालथी घातली. मी चिक्कार भांडले. हे नुसते हसले. ऑफिसातले दोन मित्र दर रविवारी मदतीला यायचे. एक पुण्याहून नोकरीसाठी आलेला, मला वहिनी म्हणणारा. दुसरा आमच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या इथला मराठी, त्याची मी अक्का. तिघं मिळून कुजलेल्या फळ्या काढायचे, नव्या बसवायचे आणि कामापेक्षा गप्पाच जास्त मारायचे.

एका बाजूच्या फळ्या झाल्या आणि हे गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात पोचायच्या आतच.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी दोघं हत्यारांची पिशवी घेऊन फाटकाशी आले. थेट कामाला लागले. हातोडीचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात पहिल्यांदा मोकळी रडले, आणि मग उपम्यासाठी रवा भाजायला घेतला. त्यानंतर सगळा आठवडा मी रविवारचीच वाट बघायची. बाहेर दोघं ह्यांची टिंगल करायचे, अगदी हे शेजारी उभे असल्यासारखी. मी आतून ऐकायची. तेवढा वेळ घर पूर्वीचं असायचं.

पण काम सरत आलं. फळ्या झाल्या, फटी लांबी लावून बुजवल्या, निळा रंगही लागला. आता दोघं कशाला येतील, असं माझ्या मनात आलं.

"निळा नको," मी म्हणाले. "ह्यांना आवडला नसता."

दोघांनी निळा घासून काढला आणि तांबडा लावला. तोही मला पसंत पडेना.

"स्वल्प गडद झाला की. हिरवा बघू या."

पुण्याचा पॉलिश पेपर शोधायला लागला. दुसरा मात्र होडीवर हात ठेवून उभा राहिला.

"अक्का, घासून घासून फळी पातळ झालीय. आणखी एकदा घासली तर पाण्यात टिकायची नाही."

माझ्या मनातलं दोघांनी केव्हाच ओळखलं होतं. तरी तोंडातून चकार शब्द न काढता राबत होते बिचारे.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "राहू दे तांबडाच."

सर्जापूर रोडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेततळ्यात आम्ही होडी सोडली. थेंबभर पाणी आत आलं नाही. मला मध्ये बसवून दोघांनी वल्ही मारली. तिघंही रडलो, कुणी लपवलं नाही. होडी तिथेच ठेवून परतलो.

पुढच्या रविवारीही ते आले. इस्त्रीचे शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. एरवी हॉलमध्ये पाऊल न टाकणारे दोघं सोफ्याच्या कडेवर टेकले.

"तब्येत कशी आहे, वहिनी?" पुण्याच्याने विचारलं.

"बरी आहे."

मी ट्रेमधून चहा दिला. हातांचं काय करावं, ते त्यांना सुचत नव्हतं. ह्यांचं नाव कुणी काढलं नाही. थोड्या वेळाने उठले. काही लागलं तर फोन करा म्हणाले, भेटायला आलेले लोक म्हणतात तसं.

मी दार लावून घेतलं. हे गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला विधवा झाल्यासारखं वाटलं.