न्हाऊ घातलेलं करडू

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून माझी आठ वर्षांची भाची आली. तिला शेती नि जनावरं समजावून सांगायचं काम बहिणीने फोनवरच माझ्या गळ्यात घातलं. आंधळा मागतो एक डोळा! आमच्या जानेफळात माझ्या गोष्टी सगळ्यांच्या ऐकून झाल्यात. मी तोंड उघडलं की बैलसुद्धा मान फिरवतात. नवा प्रेक्षक मला हवाच होता.

पहिल्या दोन दिवसांत मी तिला जमतील तेवढे धक्के दिले. अंडं कोंबडीच्या कुठून येतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं आणि नाश्त्याची ताटली मागे सारली. शेणात हात घालायला लावला, तर "गरम आहे!" म्हणून ती किंचाळली. मी खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची काळी बकरी व्याली. एकच करडू, पांढरं. मी गोठ्याच्या दारावरचं पोतं नाटकाच्या पडद्यासारखं बाजूला सारलं, भाचीला आत आणलं आणि जाहीर केलं, "आजपासून याची माय तू!" आणि बायकोने हाक मारली म्हणून बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो.

अर्ध्या तासाने येऊन पाहतो, तर भाचीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कापूस! गोठ्यात स्ट्रॉबेरीचा घमघमाट.

"मामा, शी, किती चिकट होतं ते! मी माझ्या शाम्पूने आंघोळ घातली. गरम पाण्याने हं."

मी करडू उचलून बकरीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, फुरफुरली आणि अशी ढुशी दिली की पिल्लू गव्हाणीपाशी जाऊन पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा ढुशी. भाची ओरडली, "अगं, तुझंच आहे ते!"

आरडाओरडा ऐकून बायको धावत आली. "अवं माय वं! कोनं धुतलं याले?"

मी छपराकडे पाहू लागलो.

"मामा म्हणाला, मी त्याची आई आहे," भाची म्हणाली.

"हे बोलते अन् निस्तरा लागते मले!" बायको माझ्याकडे न बघता म्हणाली आणि भाचीजवळ बसली. "बाई, बकरी पिल्लाले वासानं वयखते. तिचा वासच तू धुऊन टाकला. आता ते तिले दुसऱ्याचं वाटून राह्यलं. ती पाजत नाई अन् पयला चीक पोटात गेला नाई, तं..."

"तर मरेल?"

जन्मात कधी मिटलं नव्हतं ते माझं तोंड मिटलं.

तेवढ्यात बकरी कण्हली आणि तिचा जार पडला. पिल्लामागून पडणारी ती लालसर, ओलीगच्च पिशवी कुत्र्यांनी ओढू नये म्हणून आम्ही लगेच पुरतो. बायकोने ती टोपल्यात घेतली आणि भाचीपुढे ठेवली.

"हे चोय त्याच्या अंगाले. धुतलं तूनं, आता माखशीन बी तूच."

पोरगी पांढरी पडली. मला वाटलं, आता रडेल, पळेल. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात टोपल्यात घातले. मी भिंतीकडे वळलो. खुद्द धक्के देणारा मी! मागून तिचा आवाज येत होता, "डोकं झालं. शेपटी झाली. कान राहिले."

करडू बकरीपुढे ठेवलं. तिने हुंगलं. थांबली. कानापाशी पुन्हा हुंगलं. आम्ही तिघंही श्वास धरून. मग जीभ बाहेर आली, आणि बकरी चाटतच सुटली: पिल्लाची पाठ, मान, आणि भाचीचे कोपरापर्यंतचे दोन्ही हात! करडाला आचळ सापडलं, शेपटी थरथरली.

त्यानंतरचे पाच दिवस भाचीने अंगाला पाणी लागू दिलं नाही. "बकरी मला ओळखणार नाही," एवढंच उत्तर. बायकोही तिच्याच बाजूने.

सुटी संपल्यावर तिला न्यायला बहीण शेगावला उतरली. फलाटावर तिने लेकीला कवेत घेतलं, हुंगलं आणि "ई गं!" म्हणून दोन पावलं मागे सरकली.

भाची जराही दचकली नाही. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "मामा, बॅगेतला शाम्पू काढ."