कदम सरांचं ‘खाली’

“खाली! अरे, खाली!” कदम सर ओरडले.

दीपकनं नेहाला तिथल्या तिथे थांबवलं. तिच्या खांद्यांवरचा बार स्टँडवर ठेवायला लावला आणि बारच्या टोकांवरच्या वजनाच्या प्लेटा काढायला घेतल्या. आधी डावीकडची एक, मग उजवीकडची एक. कदम सर आ वासून बघत राहिले. मग म्हणाले, “बस. फेल.”

ही आमच्या कोर्सची परीक्षा. आमच्या शहरातल्या पिपलानी भागात एका हॉलमध्ये, भर उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीत चालली होती. मी स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच. म्हणजे खेळाडूला खेळ शिकवणं माझं काम नाही. तो खेळ झेपेल असं त्याचं शरीर तयार करणं माझं काम. घरचे याला अजून ‘मेधाचं जिम’ म्हणतात. मी वाद घालणं सोडलंय. शाळांतल्या पीटी शिक्षकांसाठी मी हिंदीत व्हिडिओ कोर्स तयार केला होता. इंग्रजी पुस्तकं त्यांच्या काही कामाची नव्हती. त्यात निम्मी मशिनं अशी, की आपल्या शाळांनी फोटोतसुद्धा पाहिलेली नाहीत. म्हणून फोनवर बघता येतील असे छोटे पाठ केले. आवाज माझाच.

आज परीक्षा देणारा दीपक सीहोरकडच्या मुलींच्या शाळेत पीटी शिक्षक. शाळेला बार, प्लेटा, स्टँड, सगळं मिळालं होतं, पण खोलीला कुलूप. सर्टिफिकेटवाला कोच नाही तर किल्ली नाही, असं प्राचार्या मॅडमनी ठणकावून सांगितलेलं. बरोबरच सांगितलेलं. त्याच्या कबड्डीच्या मुली त्या खोलीच्या खिडकीतून आत डोकावायच्या. पुढची परीक्षा थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर त्यातल्या मोठ्या मुली शाळा सोडून जाणार. तेव्हा ‘फेल’ ऐकल्यावर त्याचा चेहरा साफ उतरला.

कदम सर पुण्याचे. खास परीक्षक म्हणून बोलावलेले. माणूस हुशार, नजर पक्की, पण तोंडाला लगाम नाही.

“सर, फेल कशासाठी?” मी विचारलं.

“अहो, मुलगी पुरेशी खाली बसत नव्हती. स्क्वॉटमध्ये मांडी जमिनीला समांतर यायला हवी. मी ओरडून सांगितलं, तर यानं सेटच बंद पाडला! घाबरट कोच नको मला.”

मी दीपककडे वळले. “तुमने रोका क्यों?”

“मॅडम, सर ने ही तो बोला, खाली। मुझे लगा वज़न ज़्यादा लग रहा है, तो बार खाली करवा रहे हैं।”

मला आधी हसू आलं आणि मग चांगलाच राग आला. आमचं घर मूळचं ग्वाल्हेरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असं आम्ही जन्मभर करत आलोय. मराठीत खाली म्हणजे तळाकडे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आणि आमच्या धंद्यात ‘खाली बार’ म्हणजे प्लेटा न लावलेली नुसती लोखंडी दांडी. नवशिक्याची सुरुवात तिच्यावरच होते.

“सर, तुम्ही मराठीत ओरडलात,” मी म्हणाले.

“काहीतरीच काय! सकाळपासून हिंदीत बोलतोय मी.”

“बोलताय हिंदीतच. ओरडलात मराठीत.”

त्यांचा पारा चढला. “मेधाताई, शब्दांचा कीस पाडू नका. संदर्भ म्हणून काही असतो की नाही?”

मी फोन काढला आणि कोर्सचा सुरुवातीचा पाठ लावला. माझाच आवाज घुमला: ‘शुरुआत खाली बार से कीजिए।’ पुढचा पाठ लावला: ‘प्लेट दोनों तरफ़ से बारी-बारी निकालिए, नहीं तो बार पलट जाएगा।’

“यानं नेमकं हेच केलं,” मी म्हणाले. “तुम्ही ‘रिकामं कर’ म्हणालात, त्यानं रिकामं केलं. तेही नियमानं. यात घाबरट काय आहे?”

कोर्सचे संचालक दुबेजी मध्ये पडले. “मेधाजी, रिज़ल्ट आज ही देना है। जाने दीजिए न।”

“जाने कैसे दूँ, दुबेजी? पढ़ाया मैंने है।”

कदम सरांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “ठीक आहे. परत घेतो. पण वजन वाढवणार, आणि सवलत एका पैशाची मिळणार नाही.”

नेहानं पाणी पिऊन पट्टा आवळला. आमच्या अकादमीतली दणकट मुलगी. तिला या भांडणात भलतीच मजा येत होती. दीपकला मात्र दरदरून घाम फुटलेला. तो तिच्या मागे उभा राहिला, हात तयार ठेवून. “छाती ऊँची। साँस भर। चल।” आमच्या भाषेत याला क्यू म्हणतात. वजन अंगावर असताना माणसाला भाषण ऐकू येत नाही, एखादा शब्द तेवढा येतो.

नेहा खाली जाऊ लागली. आणि कदम सरांना राहवलं नाही. या वेळी अगदी शुद्ध हिंदीत सुरू झाले, “नीचे! और नीचे! घुटने बाहर! नीचे!”

नेहानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बार एका बाजूला कलला.

“सर, आप चुप रहिए!”

दीपक ओरडला होता. त्याच दमात, पण एकदम शांत आवाजात, नेहाला म्हणाला, “सामने देख। ऊपर।” नेहानं समोर पाहिलं, बार सरळ झाला, ती उठली. बार स्टँडवर वाजला.

दुबेजींनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, संपलं. पोरानं हातातोंडाशी आलेला घास घालवला. दीपक तर हात जोडूनच उभा राहिला. “सर, माफ़ कीजिए, मुँह से निकल गया...”

“माफी परत घे,” कदम सर म्हणाले. मराठीतच म्हणाले, दीपकला कळलं की नाही देव जाणे. मग माझ्याकडे वळले. “पास लिहा. बार अंगावर असताना बोलायचं ते एकट्या कोचनं. मी सगळीकडे हेच शिकवत फिरतो, आणि मला गप्प बसवायची हिंमत आजवर एकानंही केली नव्हती.”

हाच धडा कोर्समध्ये घालायचा ठरला. तो रेकॉर्ड करायला मी मुद्दाम कदम सरांनाच बोलावलं. ‘मी बोलू का मध्ये’ असं विचारत त्यांनी टेकवर टेक वाया घालवले.

दीपकची खोली उघडली. परवा त्याचा फोन आला. पाहुण्यांना घेऊन प्राचार्या मॅडम आत आल्या होत्या आणि एक मुलगी स्क्वॉटमध्ये असताना कौतुकानं बोलू लागल्या.

“फिर?” मी विचारलं.

“बाहर कर दिया, मॅडम। नाराज़ हैं। चाबी माँगी थी।”

“दी?”

“नहीं दी। लड़की बार के नीचे थी।”