बन्सीनं न घेतलेला चिंचोका

पाथर्डीकडचा बन्सी दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचा, तेव्हा त्याच्या बैलगाडीत चार भांडी, दोन कोयते, एक गोधडी आणि त्याची चांगुणा असायची. कनवटीला नऊ काळे खडे. नदीतले, बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेले.

संगमनेरकडच्या कारखान्याच्या गाडीतळावर उसानं लादलेल्या शंभर-दीडशे गाड्या रांगेत उभ्या राहायच्या. नंबर लागायला कधी चार तास जात, कधी सारा दिवस. माणसं झोपत, भांडत, बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकत. बन्सी मात्र कोयत्याच्या टोकानं जमिनीवर एकात एक तीन चौकोन काढायचा, त्यांच्या बाजू मधोमध रेघांनी जोडायचा आणि मांडी ठोकून हाळी द्यायचा, "या! कुनाला नंबर जड झालाय?"

की भोवती रिंगण पडलंच. कोणी गाडीच्या धुरीवर, कोणी चाकावर, आणि मधे बन्सी. असा ऐटीत बसायचा की बघणाऱ्यानं त्याच्यावरून नजर काढू नये.

खेळाचं नाव नवकंकरी. एकाचे नऊ खडे, दुसऱ्याचे नऊ चिंचोके. आधी आळीपाळीनं एकेक मांडायचा, मग रेघेवरून शेजारच्या मोकळ्या घरात सरकवायचा. आपले तीन एका रेघेत आले की झाली तिकडी. तिकडी झाली की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले तो हरला. आणि ज्याला सरकायला जागा उरली नाही, तोही हरला.

त्या तळावर या खेळाला एक वेगळीच किंमत होती. दयेनं कुणी कुणाला पुढं घेतलं, तर मधले सगळे बोंब मारत. पण डावात जिंकलेला नंबर पंचांच्या निवाड्यासारखा मानत. मागच्यानं पुढच्या कुणालाही हाक द्यायची. जिंकला तर पुढची जागा त्याची, हरला तर त्यानं गाडी पार रांगेच्या शेपटाला न्यायची. हाक नाकारणं कमीपणाचं. लुटुपुटूचा डाव धरत नसत. डाव चालू असेतो रांग त्या गाडीला वळसा घालून पुढं जाई, डाव संपला की जिंकणारा लगेच वजनकाट्यावर.

बन्सीची खुबी एकच होती, आमिष. तो आपला एक खडा असा काही उघडा टाकायचा की समोरच्याला तोंडाला पाणी सुटावं. त्यानं हात घातला की त्याची दुसरी बाजू उघडी पडायची आणि बन्सी तिकडून आत शिरायचा. नांदूरच्या कानिफनाथाला त्यानं त्या हंगामात सात वेळा असा शेपटाला धाडला होता. कानिफनाथ मोठ्या मनाचा गडी, हरला की हसायचा. "लेका बन्सी, तू बायकोशी बोलताना पन आमिष टाकत असशील!"

गावात बन्सीला कुणी विचारत नसे. ना जमीन, ना पंगतीत पुढचं पान. मागणं त्याला जमत नसे, जिंकणं तेवढं जमायचं. म्हणून त्याचं सारं जगणं या तळावर, या रिंगणात.

एकाहत्तर सालच्या माघातली गोष्ट. दुपारी टोळीतला छगन धापा टाकत आला. दिवस भरलेली चांगुणा होती त्या फडावरून अडीच कोस पळत आला होता. त्यानं बन्सीला गाडीमागं ओढलं.

"वहिनीला कळा लागल्यात. पोर आडवं हाय. साळूबाई सुईन म्हनती, माज्या हातातलं न्हाई ह्ये. गाडी आना अन् संगमनेरला दवाखान्यात न्या."

बन्सीनं आपल्या गाडीकडं पाहिलं. वरपर्यंत ऊस. टोळीच्या साऱ्या गाड्या इथंच, साऱ्या भरलेल्या. ऊस वाटेवर फेकून निघायची कुणाची छाती नव्हती. मुकादमानं पुन्हा दारात उभं केलं नसतं. बन्सीचा नंबर एकतिसावा. पुढून दुसरा कानिफनाथ.

"छगन, कुनाला बोलू नगंस."

"आरं, पन सांग की त्यास्नी! मानसंच हायती."

"घाई हाय म्हनून कळलं की डाव लांबवत्यात. मला ठावं हाय." आणि त्यानं मांडी ठोकली. "कानिफा! ये, बस."

"आज? माजा नंबर दोन हाय की रं," कानिफनाथ म्हणाला, पण बसला. रिंगण पडलं. बन्सीच्या मागच्या गाडीवाल्यांना आनंद झाला. बन्सी हरला तर प्रत्येकजण एकेक घर पुढं सरकणार होता.

बन्सीनं भराभर खडे मांडले. एरवी एक खडा ठेवायला तो विडी संपवायचा. आज हात थांबत नव्हता. सगळे मांडून होईतो त्याचे दोन गेले होते आणि कानिफनाथाचा एकही नाही.

"बन्सीदा, आज भांग घिऊन आलाय काय?" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

छगनला राहवेना. त्यानं चिलीम मागायच्या निमित्तानं वाकून कानिफनाथाच्या कानाला लागत दोन वाक्यं सांगितली. बन्सीची नजर पटावर होती. त्यानं ते पाहिलं नाही.

कानिफनाथाचं हसू तिथंच विरलं. आता मोठ्यानं सांगावं, तर डाव मोडला म्हणून ओरडा होईल आणि भांडणातच दुपार जाईल. त्यापेक्षा झटपट हरावं. त्यानं आपली तयार होत आलेली तिकडी मोडली आणि एक चिंचोका बाजूला सरकवला. बन्सीच्या तिकडीसाठी घर सताड उघडं.

बन्सीचा हात पुढं गेला आणि मधेच थांबला. कानिफानं? उगाच? एवढं सोपं? हे तर आमिष! त्यानं खडा उचललाच नाही. उलट आपली बाजू राखायला दुसराच मागं घेतला.

कानिफनाथानं पुन्हा घर सोडलं. बन्सी पुन्हा मागं सरला. सावली गाडीखालून बाहेर आली. शेजारून एकेक गाडी काट्याकडं जात होती.

"घे की, बन्सी," कानिफनाथ हळूच म्हणाला.

तेवढ्यानं तर बन्सीची खात्रीच पटली. 'घे की' असं तोही म्हणायचा, समोरच्याला भरीला घालायला. त्यानं उरलेले खडे एका कोपऱ्यात गोळा केले, एकाला एक खेटून, कुणाला आत शिरायला फट राहू नये म्हणून. कानिफनाथानं पट न्याहाळला. बन्सी काही घेणार नव्हता; डाव लवकर संपायचा तर आता एकाच चिंचोक्यानं, बन्सीचं शेवटचं मोकळं घर बुजवून. त्यानं डोळे मिटून तो सरकवला.

बन्सीला हलायला जागा राहिली नाही.

"कोंडला! बन्सी कोंडला!" मागचे गाडीवाले नाचायला लागले.

कानिफनाथानं पट पायानं उधळला. "येड्या, दोनदा घर सोडलं तुला. दोनदा! का न्हाई घेतलंस?"

"तू... सोडत हुतास?"

"छगननं सांगितलं मला."

"मंग बोलायचं न्हाईस?"

"तू तरी कुटं बोललास? आरं, नंबर कशाला पायजे हुता? माजी गाडी खाली झाली की मीच गेलो असतो वहिनीकडं. नुसतं म्हनायचं हुतंस." तो उठला. धावतच काट्यावर गेला, ऊस उतरवला आणि वाट दाखवायला छगनला बसवून बैल पिटाळत निघाला.

उधळलेल्या पटाशीच बसून राहिलेला बन्सी तेव्हा कुठं जायला निघाला, पण त्या धावत्या गाडीमागं त्याचे पाय किती पुरणार? फाटकापर्यंत पळाला आणि धुळीत बसला. मग उठून रांगेशी परत आला, कारण त्याचे बैल तसेच जुंपलेले उभे होते. त्यानं गाडी शेपटाला नेली. कुणी हसलं नाही. बातमी आता तळभर झाली होती. पुढच्यानं म्हटलं, "बन्सीदा, ये पुढं." त्याच्या पुढच्यानंही म्हटलं. साऱ्या तळानं त्याला वाट करून दिली. मघाशी नुसतं तोंड उघडलं असतं, तर हीच वाट मिळाली असती.

काट्याजवळ पोहोचता पोहोचता उन्हं कलली. तेव्हा कानिफनाथाची गाडी दिसली. तिनं संगमनेरच्या वाटेला लागायला हवं होतं, ती कारखान्याकडं येत होती. आणि बैल चालत होते. सावकाश, पायाखालची वाट बघत, आता कुठंच घाईनं पोहोचायचं उरलं नसल्यासारखे.

बन्सीनं त्यांची चाल पाहिली. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.