खिडकीजवळचा बाक

पुस्तकातलं समाजशास्त्र पहिल्या वर्षाच्या मुलांच्या डोक्यावरून जातं, म्हणून मी त्यांना कुठेतरी तासभर बसून जे दिसेल ते लिहून आणायला सांगते. दरवर्षी तोच एसटी स्टँड, तोच आठवडी बाजार. वह्या तपासता तपासता मान अवघडते. काल मात्र एका वहीत स्थळ होतं, आपलाच वर्ग. त्या तासाचा विषय स्त्री-पुरुष विषमता, शिकवणारी मी.

शेवटच्या बाकावरच्या सारिकाने लिहिलं होतं, "मॅडमनी मुलांना सात प्रश्न विचारले. मुलींशी एकच वाक्य बोलल्या. 'खिडकी लाव गं जरा, बाहेरचा आवाज येतोय.'"

लाल पेन हातात तसंच राहिलं. बावीस वर्षं हा धडा शिकवून घसा बसला माझा. समाज म्हणजे बाहेर, रस्त्यापलीकडे कुठेतरी, असंच धरून चालले होते मी.

आज ठरवून मुलींच्या बाकांकडे वळले. प्रश्न मनात घोळवून आणला होता. मी तोंड उघडायच्या आत खिडकीजवळची मुलगी मुकाट्याने उठली आणि खिडकी लावून खाली बसली.