प्रियदर्शनीने सोडलेला चहा

तांदूळ अर्धाच निवडून झाला होता. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासाची समाप्ती दोन दिवसांवर आलेली, पौर्णिमेला विहारात खीरदान, आणि आमच्या घराकडे पाच किलो तांदूळ निवडायचे काम. एक सूप माझ्यापुढे, एक माझ्या धाकट्या जावेपुढे, प्रियदर्शनीपुढे. ती तोंड मिटून खडे वेचत होती. तीन महिने झाले, तोंड मिटूनच असते. तेवढ्यात समोरच्या घरच्या चतुराबाई फाटकापासूनच ओरडत आल्या.

"रश्मे, आयकलं काय वं? जानरावनं ठरवलं! पौर्णिमेले प्रियाचा सत्कार!"

जानराव म्हणजे आमच्या बडनेऱ्याच्या विहार समितीचे अध्यक्ष. रेल्वेतून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून फलाटावरच्या घोषणेसारखं.

"कशाचा सत्कार, मावशी?" मी विचारलं.

"कशाचा म्हंजे? तीन महिने अष्टशील पाळलं पोरीनं. दुपार झाली का अन्नाचा कण नायी. चहाचा घोट नायी. फालतू बोलनं नायी. चेहरा पाहा तिचा, कसं तेज आलं!"

प्रियदर्शनीच्या हातातला खडा परत तांदळात पडला.

तेज नव्हतं ते, गाल बसले होते. आणि अष्टशीलही, म्हणजे दुपारनंतर न जेवण्यासकट आठ नियमांचं ते व्रतही, नव्हतं. खरं काय ते घरात आम्हाला चौघांनाच माहीत होतं: मला, तिच्या यजमानांना, धर्मेंद्रांना, त्यांच्या लेकीला, आचलला, आणि स्वतः तिला. प्रियदर्शनी दात सरळ करून घेत होती. पण तारा लावलेल्या नाहीत. वरच्या दातांवर एक आणि खालच्यांवर एक अशा काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या चढवायच्या. चोवीसपैकी बावीस तास त्या तोंडात पाहिजेत. जेवताना काढायच्या, गरम चहा पिताना काढायच्या, मग दात घासायचे आणि पुन्हा चढवायच्या. दर पंधरा दिवसांनी नवा जोड, पहिल्यापेक्षा जरासा सरळ. दात बिचारे त्याच्या मागे मागे सरकतात.

आता बावीस गेले तर उरले दोन तास. प्रियदर्शनीने पहिल्याच दिवशी हिशेब मांडला. सकाळी दहाला जेवण, रात्री आठला जेवण, दात घासणं, टोप्या धुणं. झाले दोन तास. चहा बसेना. दिवसाला सहा चहा पिणारी बाई ही! त्यात नवा जोड चढला की दोन दिवस दात ठणकायचे, तेव्हा नुसता मऊ वरणभात.

आणि नेमका त्याच आठवड्यात वर्षावास सुरू झाला. विहारात रोज संध्याकाळी वंदना, ग्रंथवाचन, मग सगळ्यांना चहा. प्रियदर्शनी हात जोडून म्हणायची, "नको." काहून नको, ते कोणाला सांगायचं नव्हतं. टोप्यांमुळे जीभ अडखळायची, म्हणून बोलायचीही नाही. बायकांनी आपल्या मनाने अर्थ लावला.

लपवायचं कारण जुनं आहे. चांदूर रेल्वेला शाळेत असताना तिचे पुढचे दोन दात एकावर एक चढलेले, मांडी घालून बसल्यासारखे. पोरींनी नाव ठेवलं 'किसनी', खोबरं किसायची असते ती. तेव्हापासून हसू आलं की आधी हात वर जातो, मग हसू येतं. तिच्या लग्नाच्या फोटोंत तिच्यापेक्षा तिच्या हाताची मेंदीच जास्त दिसते. धर्मेंद्र म्हणतात, "वीस वर्षं झाली, मले बायकोचं हसू हातावरूनच समजते." आचलनेच अमरावतीच्या कॉलेजात कोणाच्या तरी टोप्या पाहिल्या आणि आईच्या मागे लागली. प्रियदर्शनी तयार झाली, पण एका अटीवर: डॉक्टर अकोल्याची पाहिजे. अमरावतीत दवाखान्याच्या बाकावर कोणी पाहिलं तर? बेचाळीस वर्षांची बाई, दात सरळ करून कोणाला दाखवायचे आहेत, असं लोक विचारतील ना.

त्यात माझाही एक अपराध आहे, तो इथे लिहून ठेवते. भाद्रपदात ती आंघोळीला गेली होती आणि टोप्या डबीत होत्या. मला वाटलं, तोंडातली वस्तू, तर लेकरांच्या बाटल्या उकळायचो तशी उकळून देऊ. उकळत्या पाण्यात घातल्या आणि डोळ्यांदेखत दोन्ही टोप्या कुरडईसारख्या वळल्या. प्रियदर्शनीने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: थंड पाणी, मऊ ब्रश, बाहेर काढलं की डबीतच ठेवा. खाली लाल शाईने: जाऊबाईंपासून दूर. ती चिठ्ठी अजून फ्रिजवर लावलेली आहे.

तर चतुराबाई गेल्या आणि प्रियदर्शनी म्हणाली, "ताई, मी कुठं खोटं बोलली? मी त नुसतं 'नको' म्हटलं."

"बोलली नाहीस," मी म्हटलं, "पण आता शाल घेशील ना?"

संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना ती माझ्या शेजारीच होती. पहिली तीन शीलं खणखणीत म्हटली. चौथं आलं, 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही, आणि बाईला खोकला सुटला. पाचव्याला खोकला बरा झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. रात्री म्हणाली, "खरं सांगितलं त सगळे हसतील. पुन्हा किसनी होईन मी. अन् नायी सांगितलं त त्या मूर्तीसमोर कशी बसू?"

मी म्हटलं, "झोप आता. टोप्या घातल्या का?"

पौर्णिमेला विहार पांढऱ्या साड्यांनी भरला. खिरीचं मोठं पातेलं, आमच्याकडचं गंज, बाहेर मांडवात. भंतेजी आलेले. जानराव माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या वार्डाची शान, उपासिका प्रियदर्शनीताई! तीन महिने चहाचा एक थेंब नायी! आजकालच्या जमान्यात, बापा, इथं पंधरा मिनिटं कोणी चहा सोडून दाखवावा!" टाळ्या झाल्या. जानरावांनी शाल उलगडली.

प्रियदर्शनीने शाल घेतली नाही. माईक घेतला.

"जयभीम. जानरावभाऊ, मी अष्टशील नायी पाळलं. मी रोज रात्री आठ वाजता जेवत होती."

जानरावांच्या हातातली शाल अर्धी खाली आली.

"माह्ये दात वाकडे होते. ते सरळ करून रायली. त्याच्यापाई चहा सोडला." आणि तिने बोट घालून वरची टोपी काढली. माईक तोंडाजवळ होता, टक्‌ असा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत गेला. "हे पाहा. हे आहे ते तेज."

कोणी हसलं नाही. मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. मग पुढच्या रांगेतून चतुराबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"म्हंजे तू धम्मापाई नायी सोडला?"

"नायी, मावशी."

"दातापाई?"

"हो."

"अवं माय!" चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. "तुह्याकडं पाहून मीनं सोडला न चहा! एक्केचाळीस दिवस झाले! डोकं ठणकते, सकाळी सुनेवर खेकसतो, पोट साफ होत नायी. मनात म्हनो, सोस चतुरे, ते पोरगी सोसते त तू काहून नायी? अन् हे बाई घरी दात ठीक करून रायली!"

आता विहार हसला. आधी बायका, मग जानराव, मग भंतेजींनीही मान खाली घातली, पण खांदे हलत होते. आणि प्रियदर्शनीला हसू आलं. सवयीने हात वर गेला. पण त्या हातात टोपी होती, ती काही तोंडावर धरता येईना. हात तसाच मधे थांबला आणि ती हसली. पूर्ण. वीस वर्षांत मी तिचे दात असे पाहिले नव्हते. पुढचे दोन अजून थोडे भांडतात, पण मांडी सोडली आहे त्यांनी.

मागच्या ओळीत धर्मेंद्र उभे राहून पाहत होते. बसायचं विसरले.

जानराव शाल घेऊन उभेच. "आता हे कोनाले घालू, भंतेजी?"

भंतेजी म्हणाले, "धम्मासाठी चहा कोणी सोडला?"

शाल चतुराबाईंच्या खांद्यावर पडली. त्या म्हणाल्या, "राहू द्या ते. आधी चहा आना कोनीतरी." आणि शालीतच, मांडवात बसून, त्यांनी लागोपाठ दोन कप प्यायले. प्रियदर्शनी शेजारी बसून खीर खात होती, टोप्या डबीत, डबी कमरेला. तिने डबी उघडून दाखवली तशी चतुराबाईंनी ती उजेडात धरून उलटीपालटी पाहिली.

"टोचते काय वं हे?"

"पहिले दोन दिवस."

"माही कवळी त चार वर्षांपासून टोचते. फडताळात ठेवली. फक्त पाहुने आले का घालतो." मग आवाज खाली आणला. "तुही डॉक्टरीन कवळी घासून देते काय?"

धर्मेंद्र म्हणाले, "आता सगळ्यायले माहीत झालं, मंग अमरावतीतच डॉक्टर पाहून घेऊ." प्रियदर्शनी म्हणाली, "नायी. डॉक्टरीणबाईले माह्या एक एक दाताचा सभाव माहीत झाला आहे."

उरलेली खीर वाटून, गंज घासून घरी यायला चार वाजले. संध्याकाळी पंचशील म्हणताना आज चौथ्या शीलाला खोकला आला नाही.

उद्या सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोला: प्रियदर्शनीचा नवा जोड आणायचा, आणि चतुराबाईंची कवळी घासून आणायची.